टेंपरवारी

मागचा ब्रेक दाबला की स्पीडोमीटरमधला दिवा लागायचा. भक्कन नाही, समईतलं तेल संपत आल्यावर वात जळते तसा. ब्रेक सोडला की विझायचा. आणि मागे, जिथे लाल दिवा पेटायला हवा, तिथे बल्बात जेमतेम एक तांबूस तार दिसे. सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री साडेदहाला मी गाडीवर बसून नुसता पाय दाबत होतो आणि सोडत होतो. वॉचमन लांबून बघत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. "साहेब, चालू होत नाही का?"

चालू होत होती, हीच तर पंचाईत होती. पूर्ण बंद पडलेली गाडी परवडली. ती टेम्पोत घालता येते.

गाडी सासऱ्यांची. १९८६ची बुलेट, साडेतीनशे सीसी, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. आमचे अण्णा कराडचे, एसटीच्या डेपोत इलेक्ट्रिशियन होते. साखर कारखान्यातल्या एका शेती अधिकाऱ्याकडून त्यांनी ती १९९४मध्ये घेतली, तेव्हा ती ६ व्होल्टची होती. हेडलाइट लावला की रस्त्यापेक्षा पुढचं चाकच जास्त दिसतंय म्हणून २००१मध्ये त्यांनी स्वतःच्या हाताने तिला १२ व्होल्टची केली. वीज बनवणाऱ्या अल्टर्नेटरची कॉईल, रेग्युलेटर, बॅटरी, हॉर्न, झाडून सगळे बल्ब. एसटीची गाडी २४ व्होल्टची, त्यामुळे "बारा म्हणजे आमच्यात अर्धं तिकीट" असं ते म्हणत. पण केलं मात्र मन लावून.

गुडघ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी किक मारायला बंदी केली, आणि गाडी पुण्याला माझ्याकडे आली. मुलगी दिली तेव्हा अण्णांनी मला एकही सूचना केली नव्हती. गाडी देताना वहीची दोन पानं लिहून दिली.

ती मी वाचली नाहीत. आल्या आल्या तिला नटवायला घेतली. इंजिन उतरवलं, चॅसी मोकळी केली आणि पावडर कोटिंगला दिली. काळी कुळकुळीत, आरशासारखी होऊन आली. मडगार्डं, बॅटरीची पेटी, हेडलाइटच्या भोवतीचं ते रुंद नाकाड, सगळ्यावर एकसारखा थर. जुळणी एका गॅरेजमध्ये करून घेतली, वायरिंग होतं तेच परत चढवलं. फोटो काढले, सासरच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. अण्णांनी फक्त विचारलं, "अर्थिंगच्या जागा खरवडल्या का?" मी "हो" म्हणालो. अर्थिंगच्या जागा म्हणजे काय, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

दोन महिने सुखात गेले. मग हे ब्रेकचं सुरू झालं, आणि त्याच्या जोडीला दुसरं. वीस-पंचवीस मिनिटं चालवली की इंजिन मिसिंग मारायचं. हेडलाइट लावला तर जास्तच. हँडल डावीकडे पूर्ण वळवलं की मधला एखादा ठोका गिळायचं, आणि कधी कधी ऐन चौकात गप्प बसायचं. दहा मिनिटं थांबलं की काही झालंच नाही अशा थाटात पहिल्या किकला चालू.

गॅरेजमध्ये पहिल्यांदा प्लग बदलला. मग कंडेन्सर, कारण गरम झाल्यावर बंद पडते म्हणजे कंडेन्सरच. मग पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी वीज जोडणारा-तोडणारा स्विच. मग ठिणगीची कॉईल. प्रत्येक वेळी गाडी ठीक होऊन घरी यायची आणि आठवड्याने परत तेच. मला तेव्हा राग आला होता, आता तेवढा येत नाही. बदललेला पार्ट गिऱ्हाइकाच्या हातावर ठेवता येतो, 'हा बघा, हा गेला होता' म्हणता येतं. तीन तास एक वायर चाचपत बसलो, याचं बिल कोण देणार? मी तरी दिलं असतं का, याची मला खात्री नाही.

शेवटी अण्णांना व्हिडिओ कॉल केला. अण्णांच्या व्हिडिओ कॉलमध्ये कायम त्यांचं कपाळ आणि छताचा पंखा दिसतो. त्या पंख्याला मी सगळं सांगितलं. ब्रेकचा दिवा ऐकून कपाळाला आठ्या पडल्या आणि लगेच सुटल्या.

"जावईबापू, वीज जातीय कुठं ते सगळेच बघत्यात. परत कशी येतीय ते बघा."

आणि मग त्यांनी मला उसाला पाणी पाजायला नेलं. म्हणजे फोनवरच. दारं धरायला गेलं की पाटाचं पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत आपण सोडतो. सरीचं तोंड मातीने बुजलं तर पाणी थांबत नाही. ते बांध शोधतं, बांधातली उंदराची भोकं शोधतं, आणि शेजाऱ्याच्या वावरात जाऊन उभं राहतं. मग शेजारी भांडायला येतो. "तुमचा मीटरचा दिवा शेजारी हाय. त्याचा काय दोष न्हाई. त्याच्याकडं पाणी का आलं ते शोधा."

मी कागदावर आकृती काढत गेलो. मागच्या दिव्यात एकाच बल्बमध्ये दोन तारा असतात, ब्रेकची २१ वॅटची आणि नेहमीच्या लाल दिव्याची ५ वॅटची. दोघींचं एक टोक बल्बच्या पितळी टोपीला जोडलेलं. परतीसाठी वेगळी वायर नाही. टोपीतून होल्डरमध्ये, होल्डरमधून मडगार्डात, मडगार्डातून चॅसीत आणि चॅसीतून बॅटरीच्या निगेटिव्हला, अशी लोखंडातूनच वीज घरी जाते. आणि त्या लोखंडाच्या प्रत्येक सांध्यावर मी पैसे देऊन प्लॅस्टिकचा थर चढवून घेतला होता. पावडर कोटिंग वीज नेत नाही. नव्या नव्या बोल्टच्या आट्यांनी कुठेतरी खरचटून वाट केली असेल, म्हणून दोन महिने निभावलं. पावसात तीही गेली.

मग ब्रेकची वीज टोपीपाशी येऊन अडकली. पुढे रस्ता बंद. तिथे तिला शेजारची ५ वॅटची तार दिसली. तीत ती उलटी शिरली, लाल दिव्याच्या वायरीतून उलट पावली पुढे हँडलपर्यंत आली, आणि त्याच वायरीवर लटकलेल्या स्पीडोमीटरच्या दिव्यातून आणि हेडलाइटवरच्या दोन छोट्या पायलट दिव्यांतून जमिनीला लागली. एवढे बल्ब एकामागे एक, म्हणून सगळेच मिणमिणते. मी धावत खाली गेलो, ब्रेक दाबला आणि पायलट दिव्यांवर हाताची सावली धरली. होते! दोघंही अगदी अंधुक पेटलेले होते. इतके दिवस ते मला दिसलेच नव्हते. त्या क्षणी झालेला आनंद मला कुणालाच नीट समजावता आलेला नाही. बायको म्हणाली, "म्हणजे झाली दुरुस्त?" दुरुस्त काहीच झालं नव्हतं. फक्त गाडी वेड्यासारखं करत नाही, हिशेबानेच करते आहे, एवढं कळलं होतं.

दुरुस्ती अर्ध्या तासाची. होल्डरखाली, मडगार्डच्या बोल्टापाशी, बॅटरीच्या निगेटिव्ह वायरीखाली, नखाएवढ्या जागा पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत खरवडल्या. आरशासारख्या काळ्या रंगावर पेपर घासताना जीव तुटत होता. दातेरी वॉशर घातले, वरून ग्रीस. शिवाय मागच्या होल्डरपासून थेट बॅटरीपर्यंत एक काळी वायर वेगळीच ओढली. मागे लाल दिवा भक्कन पेटला. दोन पानी सूचना मग काढून वाचल्या. पहिल्याच पानावर, तिसऱ्या ओळीत, अर्थिंगच्या सहा जागा आकृतीसह होत्या.

मिसिंग मात्र तसंच राहिलं.

इथे बुलेटच्या अँपिअर मीटरबद्दल बोलायला हवं, कारण मला या गाडीत सगळ्यात आवडती गोष्ट तीच. हेडलाइटच्या वर, नाकाडात बसवलेली रुपयाहून थोडी मोठी गोल तबकडी. शून्य मध्ये, डावीकडे वजा, उजवीकडे अधिक. हल्लीच्या गाड्यांना असलं काही नसतं. असतो तो एक लाल दिवा, जो सगळं संपल्यावर पेटतो. इथे बॅटरीतून किती जातं आणि अल्टर्नेटरकडून किती येतं, ते काटा सतत सांगत असतो.

बुलेटला किक मारायची रीतही या काट्यावरच. चावी फिरवायची. पॉइंट मिटलेले असतील तर काटा वजाकडे झुकतो. किक हळूहळू दाबत जायची. पाय अडला की डीकंप्रेसरची, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारी, छोटी दांडी ओढून अगदी थोडं पुढे सरकवायचं, काटा झटकन मध्यावर येईपर्यंत. काटा मध्यावर आला म्हणजे पॉइंट उघडले, पिस्टन माथ्यापाशी आला. मग दांडी सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि अंगातला सगळा जोर काढून मारायची. हे न करता नुसते पाय आपटणाऱ्यांना ही गाडी उलटी किक देते. घोटे मोडलेले लोक मी पाहिले आहेत. टायमिंग लावतानाही जुने मिस्त्री हाच काटा बघतात. पॉइंटचं अंतर ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायचं, पिस्टन माथ्याच्या ०.८ मिलिमीटर अलीकडे आणायचा, आणि नेमक्या त्या क्षणी काटा उडी मारून मध्यावर आला पाहिजे. एका तबकडीत एवढी कामं.

बुलेट हे नाव १९३२पासूनचं आहे, मद्रासला ती बनायला लागली १९५५मध्ये. पण ठिणगी पाडायची ही तऱ्हा त्याहूनही जुनी. १९१०च्या सुमारास अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी मोटारींसाठी ती आणली. बॅटरीची वीज कॉईलच्या जाड वेढ्यांतून फिरवायची आणि पॉइंट उघडून एकाएकी तोडायची. जमलेलं चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेच्या हजारो वेढ्यांत हजारो व्होल्ट उमटतात, त्यांची प्लगवर ठिणगी. सगळी गंमत तोडण्यात आहे, पण तोडायला आधी पुरेसं जमलेलं पाहिजे.

अण्णांनी नेमकं तेच विचारलं. "चावी लावल्यावर काटा कुठवर जातोय?"

"दोनच्या थोडा पुढे."

पंखा दोन फेरे फिरला. "साडेतीनपर्यंत जायचा."

हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी रोज तो काटा बघत होतो, काटा हलतोय यावरच समाधानी होतो. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, की अण्णा, मल्टिमीटर लावून पाहिलाय, इग्निशन स्विचपाशी १२.४ व्होल्ट येतात. पूर्ण येतात.

"कॉईलची वायर काढून मोजलं का लावून?"

"काढून."

"मग काय मोजलं तुम्ही!"

पुढच्या रविवारी सासूबाई पुण्याला आल्या. चिवड्याच्या डब्यात, चिवड्याच्या पिशवीवर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक हेडलाइटचा बल्ब होता. ३५ वॅटचा. एसटीच्या काळातल्या होल्डरमध्ये बसवलेला, दोन हातभर वायरी, टोकांना दोन चिमटे. वायरींना कापडी टेप इतकी नेमकी गुंडाळलेली, की बायको म्हणाली, "लग्नातला हार असाच बांधतात अण्णा." टेस्ट लॅम्प. डेपोतला प्रत्येक इलेक्ट्रिशियन स्वतःचा स्वतः बनवायचा म्हणे, आणि दुसऱ्याला द्यायचा नाही.

मल्टिमीटर बॅटरीकडे जवळजवळ काहीच मागत नाही. डिजिटल मीटरचा आतला अडथळा एक कोटी ओहमच्या घरात असतो. १२ व्होल्टला तो मायक्रोअँपिअरभर वीज घेतो, ती कुजलेल्या वायरीच्या एका केसातूनही जाते. म्हणून तो म्हणतो, १२.४ आहेत. ३५ वॅटचा बल्ब मात्र १२ व्होल्टला ३ अँपिअर मागतो, साधारण कॉईलएवढेच. त्याला दिल्यावर किती उरतं ते खरं. लग्नकार्यात 'काहीही लागलं तर मी आहे' म्हणणारे असतात ना, ते सगळे मल्टिमीटरवर १२.४च दाखवतात.

चिमटे लावले. एक इग्निशन स्विचच्या आत येणाऱ्या वायरीवर, एक इंजिनच्या बोल्टला. बल्ब लागला, पण पिवळट. मीटर जोडीला धरला, ८ व्होल्ट. तोच बल्ब थेट बॅटरीवर लावला तर डोळे दिपले. म्हणजे बॅटरी आणि स्विच यांच्यामधल्या हातभर-दीड हात वायरीत कुठेतरी चार-सव्वाचार व्होल्ट खाल्ले जात होते. स्विचवर बल्ब पेटता ठेवून मी हँडल डावीकडे वळवलं. तो आणखी अंधारला. उजवीकडे वळवलं, थोडा उजळला.

टाकी उतरवली. हँडलच्या मानेपाशी, जिथे सगळ्या वायरी एकत्र होऊन टाकीखाली शिरतात, तिथे बोटं फिरवत गेलो. जुडगा थंड होता. एका जागी कोमट. आणखी दाबून पाहिलं तर चटका बसला. हरभऱ्याच्या घाट्याएवढी एक गाठ, आणि तिच्या आत आठ-दहा वॅट नुसती जळत होती. स्पीडोमीटरचा दिवासुद्धा एवढी वीज खात नाही.

चावी काढली आणि ब्लेडने टेप सोडवायला घेतली. वर काळी चकचकीत टेप. तिच्याखाली जुनी, चिकट होऊन विरघळलेली. तिच्याखाली दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक, घट्ट गुंडाळून वर दोरा बांधलेला. 'गाईचे दू' एवढी अक्षरं शाबूत. आणि त्याच्या आत जाड तपकिरी वायर मध्येच तोडून, तिथे चार बोटं लांबीचा एक बारीक लाल तुकडा घातलेला, दोन्ही टोकांना नुसता पीळ. डाख नाही, काही नाही. पिळाला हिरवी कळक चढली होती, पितळेच्या भांड्यात ताक राहिल्यावर चढते तशीच. बारीक वायरीचं रबर भाजून चॉकलेटी झालं होतं. हात लावला तर सात-आठ तारांपैकी पाच हातातच आल्या.

मला क्षणभर त्या आधीच्या शेती अधिकाऱ्याचा राग आला. मग लक्षात आलं की त्याच्या वेळची वायरिंग अण्णांनी २००१मध्येच काढून टाकली होती.

कुजलेला भाग दोन्हीकडून चकचकीत तांबं लागेपर्यंत छाटला. तेवढ्याच जाडीची नवी वायर घातली. राळेचा वास सोडत डाख पिळात शिरताना बघण्यासारखं असतं. ते वर थापायचं नसतं. तार इतकी तापवायची की डाख आपणहून आत ओढला जातो. वर स्लीव्ह चढवली, आणि हँडल वळताना ताण येणार नाही एवढी ढील ठेवली. चावी लावली. काटा साडेतीनपाशी जाऊन उभा राहिला. किक हळू दाबली, काटा मध्यावर आला. दुसरी किक मारावी लागली नाही.

अण्णांना फोन लावला. आधी सगळं रीतसर सांगितलं, ८ व्होल्ट, चटका, हिरवी कळक. मग तो लाल तुकडा कॅमेऱ्यासमोर धरला. पहिल्यांदाच पंखा गेला आणि अण्णांचा अख्खा चेहरा दिसला.

"ही हॉर्नची वायर," ते म्हणाले.

"कुठे मारला होता हा जोड?"

"कुंभार्ली घाटात. पावसात. वायर घासून शॉर्ट झाली, धूर निघाला. हॉर्नची काढली आणि घातली. दूध होतं बरोबर, पिशवी तिथंच पिऊन मोकळी केली." मागून सासूबाईंचा आवाज आला, "रात्री दीडला आले होते घरी, भिजून. २००९चा जून."

कुंभार्ली घाट म्हणजे कराडहून चिपळूणला यायची वाट. आणि आमचं घर चिपळूणला. अण्णांना चिपळुणात दुसरं काही काम असण्याचं कारण नव्हतं. २००९च्या जूनमध्ये ते एकदाच आले होते, मुलगा बघायला. चहा घेतला होता, पोहे अर्धे ठेवले होते, माझ्याशी चार वाक्यं बोलले होते आणि पाऊस वाढतोय म्हणून लवकर उठले होते.

"अण्णा, एसटीत तीस वर्षं काढलेल्या माणसानं असा जोड ठेवायचा? तोही इतकी वर्षं?"

"टेंपरवारी मारला होता ओ," अण्णा म्हणाले. "तुमचं तरी कुठं पक्कं झालं होतं तेव्हा."